करवतीनं खाल्लं तेवढं

१

दर रविवारी जेवून मी झाईहून एस्टीनं डहाणूला जातो, तिथून रिक्षानं मसोलीला, आणि मितेशच्या चिकूच्या शेडमध्ये समुद्रातली लढाई लढतो. हसायचं तर हसून घ्या. माझी बायको हंसा दर रविवारी हसते आणि वर विचारते, आज कोणाला बुडवणार.

मितेश चिकूचा व्यापारी. रविवारी माल निघत नाही, तेव्हा शेडच्या मागच्या खोलीत आमचा खेळ असतो. दोन जुने दरवाजे जोडून टेबल केलंय, त्याला निळा रंग मारलाय. तो समुद्र. त्यावर लाकडाची लढाऊ जहाजं. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, कोणाचा गोळा कोणाला लागला ते पुस्तकात बघायचं. पुस्तक इंग्रजी. ते नविन वाचतो, बँकेतून रिटायर झालेला. मी चौथीत शाळा सोडली. मी जहाजं करतो.

आधी खऱ्या होड्या करायचो. या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या माझ्या हातच्या. मग फायबरच्या आल्या आणि माझी हत्यारं भिंतीला टांगली गेली. नातीला, उन्नतीला, एक गलबत कोरून दिलं होतं, ते मितेशनं पाहिलं आणि मला धरून आणलं.

या खेळातल्या जहाजांना तळ नसतो. पाण्यावर दिसतं तेवढंच करायचं, म्हणजे टेबलावर सपाट बसतं. मितेशनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, तू चिकू अर्धाच पिकवतोस का. पण खेळ त्याचा, टेबल त्याचं.

डोक्याला पटलं तरी हाताला ते जमेना. होडी खालून वर चढते. आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, मग कुशी, मग वरचं. उलटं केलं की माझा हात फसतो. म्हणून मी जहाज पुरं कोरतो, तळासकट, आणि शेवटी पाण्याच्या रेघेवर करवत मारून खालचं उडवतो. नविन म्हणतो, दुप्पट काम. असू दे. तुझ्या हाताला घट्टे पडत नाहीत ना.

उडवलेले तळ चुलीत जात नाहीत. ज्या लाकडाला होडीचा आकार दिला ते आमच्या घरात जाळत नाहीत, मग ते करंगळीएवढं का असेना. हंसा ते उचलते आणि भरतीला खाडीत सोडून येते. अशी एक मोठी बॅटलशिप, दोन क्रूझर आणि बारकी डिस्ट्रॉयर झाली. सगळ्यांचे तळ खाडीत.

पावसाळी बंदी उठून होड्या समुद्रात जायला लागून दोनेक महिने झाले होते, त्या सुमाराला पुढचं जहाज कोणतं यावर वाद झाला. मितेशला पाणबुडी पाहिजे होती. मी म्हटलं, विडीला कोण कोरतं. नविनला विमानं उतरतात ते जहाज पाहिजे. मी म्हटलं, पाट आणून ठेव, तसंच दिसेल. शेवटी नविननं पुस्तकातलं एक पान पुढे केलं. महायुद्धात साध्या मासेमारीच्या बोटींवर तोफ बसवून त्यांना पहाऱ्याला लावलं होतं. चित्रातली बोट बघून माझा रुसवा पळाला. नाक तसंच, केबिन तशीच मागे. माझ्या मुलाची होडी.

मनिष, माझा मुलगा, त्या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. होडी मी बांधलेली, लाकडाची, शेवटची. नाव ‘हंसा’. मी म्हटलं, ही करतो. समोर नमुना उभा आहे.

२

एका दुपारात झाली. मनिषच्या होडीतून उरलेला सागाचा तुकडा होता, तोच घेतला. बॅटलशिप वीतभर आहे, ही बोटाच्या पेराएवढी. एवढ्याशा अंगावरही मी पठाण काढला, कुशी काढल्या, नाकाला थोडी उचल दिली, जशी मोठीला दिली होती. हंसा म्हणाली, अगदी तीच. मग मी करवतीचं बारीक पान घेतलं आणि पाण्याच्या रेघेवर फिरवलं.

रविवारी ती टेबलावर ठेवली. मितेश खूश. मी बॅटलशिप सरकवायला उचलली तर खालचा निळा रंग ओला होता. जहाजाच्या आकाराचा ओला डाग. क्रूझर उचलली, तिच्याखाली तसाच. बाकी टेबल कोरडं ठाक.

मितेश म्हणाला, पत्र्याला घाम येतो काका, ऑक्टोबर आहे. मला पटलं. पत्र्यातून थेंब पडतो, लाकडाखाली सरकतो, सुकत नाही. डाग पुसायला मी बोट फिरवलं आणि सवयीनं जिभेला लावलं. होडीत पाणी दिसलं की आम्ही चाखतो. गोडं असेल तर पावसाचं, खारं असेल तर काळजीचं.

खारं होतं.

तरी मी स्वतःला सांगितलं, तुझ्याच बोटाचा घाम असेल म्हाताऱ्या. समुद्र इथून लांब आहे, आणि दरवाज्याच्या फळीतून वर यायला त्याला काय पडलंय.

३

पुढच्या खेळात आवाज ऐकला. नविन पुस्तकात काहीतरी शोधत होता, मितेश फोनवर होता, खोली शांत होती. टेबलाखालून चुळूक, चुळूक असा आवाज. उंदीर म्हणावा तर उंदीर खुडबुडतो. हा पाण्याचा होता. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात माणूस उभ्यानं पाय मारत राहतो, तसा. मी उभ्या जन्मात तो आवाज इतका ऐकलाय की दुसऱ्या कशाचा समजणार नाही. पण एका माणसाचा नव्हता. फार जणांचा होता, आणि फार लांबून आल्यासारखा बारीक.

टेबलाला जुन्या चादरी लावल्यात, जमिनीपर्यंत. खाली मितेश रिकाम्या पेट्या ठेवतो. मी नविनला विचारलं, काही ऐकू येतं का. त्यानं कानातलं मशीन नीट केलं आणि म्हणाला, पंखा. मी पंखा बंद केला. नविन म्हणाला, आता गरम होतंय. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

मी चादर उचलली नाही. गुडघे दुखत होते. निदान तेव्हा मी तसंच म्हटलं.

त्याच आठवड्यात मनिषची होडी पाणी घ्यायला लागली.

माल बरा आला होता, पण तळात पाणी, पंप सारखा चालू. ओहोटीला होडी वर घेतली आणि मी स्वतः खाली शिरलो. फळी न् फळी हातानं तपासली. सांध्यातला कापूस जागेवर, वरची राळ जागेवर, खिळा सुटलेला नाही. मी बांधलेल्या होडीत फट असेल तर माझ्या हाताला कळते. फट नव्हती.

होडीवर काकड्या होता, मनिषचा खलाशी. बडबड्या माणूस. दोराच्या चाकात सापडून त्याचा डावा गुडघा कायमचा ताठ झालेला, वाळूतून चालला की एका बाजूला पावलाचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला ओढल्याची रेघ. पोहतानाही उजवाच पाय मारायचा, डावा नुसता लोंबायचा, तरी बाकीच्यांपेक्षा पुढे. तो वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, “काका, तुमची होडी खालून पिते. म्हातारपणी लागते सवय.”

मी त्याला शिवी दिली. तो हसला. त्याची बायको जिवली बाजूला बोंबील वाळत घालत होती, तीही हसली.

मी मनिषला म्हटलं, या वेळी जाऊ नको. तो म्हणाला, बाबा, फट दाखवा, थांबतो. मी काय दाखवणार. पापलेट लागलं होतं, दोन हंगाम वाईट गेले होते. मनिष, काकड्या आणि आणखी दोघं शुक्रवारी पहाटे गेले.

४

रविवारी जायचं मन नव्हतं. घरात बसून हंसाचं तोंड बघण्यापेक्षा बरं म्हणून गेलो.

खेळात माझी मासेमारी बोट एकटी होती, टेबलाच्या कोपऱ्यात, समोरून मितेशची क्रूझर. मितेशनं फासे टाकले, एक उडाला आणि टेबलाच्या कडेवरून खाली, चादरीच्या आत गेला. तेवढ्यात लाईट गेली. भरदुपार होती, खिडकी उघडी होती, अंधार असा नव्हता. मितेश म्हणाला, राहू दे काका, मी काढतो. पण माझ्या बाजूला पडला होता, आणि मी इतकाही म्हातारा नाही.

चादर वर केली, हात टेकून आडवा झालो आणि डोकं आत घातलं.

आत गार होतं. चिकूचा वास नाही, धूळ नाही. खाडीच्या तोंडाशी येतो तो वास. चादरीतून थोडा उजेड येत होता, हिरवट. फासा समोरच पडला होता. तो घेतला आणि उठताना वर बघितलं.

वर दरवाज्याची फळी दिसायला पाहिजे होती. तिथं पाय होते.

तळवे. माझ्याकडे वळलेले, पांढरे पडलेले, तांदळाच्या दाण्याएवढे. बॅटलशिप जिथं उभी होती तिथं इतके, की मांदेली माशांचा थवा वाटावा. क्रूझरखाली तसेच. सगळे हलत होते. वर-खाली, वर-खाली, घाई नाही, ओरडा नाही. माणूस दमतो आणि तरी पाय मारत राहतो, तसे. चुळूक, चुळूक.

माझ्या डोक्याशी, कोपऱ्यात, वेगळे थोडे पाय होते. चार माणसांचे. तिघांचे दोन्ही पाय चालू होते. चौथ्याचा उजवा मारत होता आणि डावा नुसता लोंबत होता.

५

मी बाहेर आलो, टेबलावरची माझी बोट उचलली आणि खिशात टाकली. मितेश म्हणाला, काका, माझी पाळी आहे, मी गोळा टाकलाय. मी चप्पलसुद्धा नीट घातली नाही.

एस्टी लवकर मिळेना. डहाणूच्या स्टँडवर उभा राहून मी मनिषला फोन लावत होतो, तो रेंजमध्ये नव्हता. खिसा ओला होत होता. मांडीवरून पाणी खाली पोटरीपर्यंत आलं. एक बाई माझ्याकडे बघून लांब सरकली. म्हातारा मुतला असं तिला वाटलं असणार. तसं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता.

आणि डोक्यात एकच. तळ पाहिजे. तळ खाडीत गेलाय. दुसरा कोरला तर तो दुसऱ्या लाकडाचा, दुसऱ्या होडीचा. एस्टीत वाटेतल्या बोर्डीपर्यंत मी हातातल्या हातात नवीन तळ कोरत होतो आणि प्रत्येक वेळी तो चुकत होता.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सून योगिता अंगणात उन्नतीची वेणी घालत होती. आत जाऊन हंसाला विचारलं, त्या बारक्या होडीचा तळ कोणत्या बाजूनं सोडलास. मी खाडीत उतरायच्या तयारीत होतो.

ती माझ्या ओल्या कपड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तो नाही सोडला. माझ्या नावाची होडी, मी कशी पाण्यात टाकू?”

तांदळाच्या डब्यातून तिनं तो काढून दिला. बोटाच्या पेराएवढा, हळदीचा ठिपका लावलेला.

जोडायचं काम हात विसरत नाहीत. वरचा भाग पुसून कोरडा केला, दोन्हीला फेविकॉल लावला, रेघेवर रेघ बसवली. हंसानं न सांगता दोरा आणला आणि गुंडाळून गाठ मारली. चिमटीत धरून बसलो. पाणी यायचं थांबलं.

थांबलं तेव्हा मी बोट उजेडात धरली, आणि मग दिसलं. नाकाची उचल तळातून वर चढते ती सरळ जुळत नव्हती. मध्ये जरासं कमी होतं. कोणाच्या लक्षात येणार नाही एवढं.

करवत लाकूड नुसतं कापत नाही. ती आपल्या जाडीएवढं खाते. त्याचा भुसा होतो, तो उडून जातो. दोन तुकडे कितीही घट्ट जोडा, तेवढं परत येत नाही. वीतभर जहाजाला ते कळत नाही. एवढ्याशा होडीला तेवढं फार झालं.

हंसानं विचारलं, बसली का नीट.

मी म्हटलं, बसली.

६

सोमवारी दुपारच्या भरतीला ‘हंसा’ आली. मी खडकावर उभा होतो. होडी पाण्यावर छान उभी, तळ हलका. दोराला धरून माणसं खाली उतरली. मनिष उतरला. मग एक. मग आणखी एक. तिघांच्याही पावलांचे ठसे वाळूत सरळ पडत होते.

जिवली माझ्या बाजूला उभी होती. पदर डोक्यावर घेऊन ती होडीच्या केबिनकडे बघत राहिली, अजून कोणीतरी आत आवराआवर करतंय असं समजून.

मनिषनं मला संध्याकाळी सांगितलं, बाकी कोणाला त्यानं पुरं सांगितलेलं नाही. रविवारी दुपारी समुद्र थाळीसारखा होता. एकदम खालून पाणी आलं. भोक पडून येतं तसं नाही. “बाबा, खाली फळीच नव्हती. आम्ही चौघं होडीच्या आत होतो आणि पोहत होतो. कठडा धरायचा, पाय मारायचे. किती वेळ ते माहीत नाही.” केबिन वर होती, इंजिन वर होतं, सगळं जागेवर, फक्त पायाखाली काही नाही. काकड्या तेवढ्यातही बोलत होता, म्हाताऱ्याला सांगतो तुझी होडी दारू प्यायली. मग ऊन उतरताना पायाला फळी लागली. खालून कोणी झाकण लावावं तशी. तिघांच्या पायाला लागली.



ओहोटीला होडीखाली गेलो. कोरडी होती. पण पाण्याच्या रेघेवर, नाकापासून मागपर्यंत, सगळ्या फळ्यांवरून एक बारीक रेघ गेली होती. नखाला लागत होती. मी तिथं काही जोडलेलं नाही. मी माझं नख तिच्यात बसवून बघितलं आणि हात काढून घेतला. करवतीच्या पानाएवढी होती.

७

काकड्या सापडला नाही. पोलीस आले, कोस्टगार्डची बोट फिरली, दोन दिवस सगळ्या होड्या गेल्या. जिवली रडली नाही. ती ओट्यावर येऊन बसायची आणि हंसा तिच्यासमोर चहा ठेवायची, तो थंड व्हायचा. एकदा मला म्हणाली, काका, तो दमणार नाही, एका पायानं पण तो लांबपर्यंत जातो. धीर द्यायला ती मला सांगत होती. मला माहीत होतं. तो दमला नव्हता, हेच तर मला माहीत होतं.

मितेश भेटायला आला. चांगला माणूस आहे, चिकूची पेटी घेऊन आला, मनिषशी बोलला, जिवलीला काही मदत लागली तर सांगा म्हणाला. जाताना चप्पल घालत त्यानं हळूच विचारलं, मी परत येणार का. जहाजं तशीच मांडून ठेवलीत, कोणी हलवलेली नाहीत. मग जरा लाजत म्हणाला, “काका, पुढचं कोणतं करायचं? तुमचं मन रमेल म्हणून विचारतो.”

“एका माणसाची होडी,” मी म्हटलं.

तो म्हणाला, तोफ कुठे बसवणार. मी म्हटलं, तोफ नाही.

लाकूड तेच घेतलं, त्याच सागाचं, शेवटचं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, ते दोन पाय मावतील एवढी. चष्म्यावर चष्मा लावून कोरली. पठाण काढला, कुशी काढल्या, आत बसायला फळी सोडली. करवत भिंतीवरच राहू दिली.

रविवारी गेलो. मितेशला सांगितलं, मला जरा एकट्याला बसू दे. तो नविनला घेऊन बाहेर चहाला गेला. मी चादर वर केली आणि पाठीवर सरकत आत गेलो. डोळे मिटून घेतले होते. एकदा बघितलं ते पुरे. कोपरा माझ्या हाताला माहीत होता. होडी चिमटीत धरून हात वर नेला, पाण्यात हात जावा तसा गार लागेपर्यंत.

चुळूक, चुळूक. कोपऱ्यात एकच आवाज होता. एक ठोका, मग मोकळी जागा, मग एक ठोका. मी होडी त्याच्याखाली धरली आणि वाट बघत राहिलो. खांदा भरून आला. मी हळू आवाजात म्हटलं, “काकड्या, चढ रे. फट नाही हिला.”

ठोका थांबला.

चिमटीतली होडी जड झाली. थोडीशीच. पाखरू बसावं एवढी. मग ती माझ्या बोटांतून कोणी अलगद ओढून न्यावी तशी गेली.

मी तसाच पडून होतो. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रडूही आलं असेल. मग लक्षात आलं की खोलीत काहीच ऐकू येत नाही. कोपऱ्यातला आवाज थांबला होता, तो थांबायलाच पाहिजे होता. पण बॅटलशिपखालचाही थांबला होता. क्रूझरखालचाही. सगळ्या टेबलाखाली एकही पाय हलत नव्हता.

मी डोळे उघडले.

सगळे पाय वळले होते. शेकडो, हजारो, दाण्याएवढे. सगळ्यांच्या पायांची बोटं माझ्याकडे, होडीसाठी रांग लावावी तशी.